मुंग्यांचा सोमवार

आमच्या गावात भट्टी एकच.
दगडी, पाठीत वाकलेली, चॅपेलच्या मागे.
वर्षभर तिच्यात मांजरं वितात.
एंत्रोइदो आला की मांजरं हाकलायची,
ओकची लाकडं, वाळकं काटेरी झुडूप कोंबायचं
आणि पाळ्या लावायच्या.

या वर्षी चिठ्ठीत
माझ्या नावाखाली शेनेरोसाचं नाव निघालं.

शेनेरोसा माझी नणंद.
दोन वर्षं आम्ही बोलत नाही.
कारण म्हणाल तर एक चेस्टनटचं झाड.
बुंधा माझ्या बांधावर, फळं तिच्या आवारात.
मोजणी झाली, नोटरी झाला,
पाद्री येऊन कॉफी पिऊन गेला.
झाड जिथल्या तिथे.

बावन्न अंडी फोडली मी.
साखर, पीठ, आणि आमच्या गायीचं लोणी
कढवलेलं, पण तपकिरी होऊ न देता,
त्याच्या जरा आधी उतरवलेलं.
हे 'जरा आधी' मला सासूनं शिकवलं,
म्हणजे तिच्या आईनं,
म्हणजे तिलाही ते येतं.

भट्टी तापली का ते पाहायला
चिमूटभर पीठ आत फेकतात.
काळं पडलं तर थांबायचं,
सोनेरी झालं तर बिका आत.
मी फेकलं. काळं.
तिनं फेकलं. काळं.
दोघी भिंतीला टेकून,
मध्ये एका माणसाची जागा सोडून.
बाहेर पोरं कमरेला गुरांच्या घंटा बांधून
उतारावर धावून बघत होती.

भट्टीवाला अमारो म्हणाला,
"बायांनो, आग एकच आहे,
भांडणाला वेगळी पेटवणार नाही मी."
आणि लांब दांड्याच्या फावड्यानं
तिचे ट्रे माझ्या ट्रेंना भिडवून
सरळ आत सरकवले.

बिका फुगली.
काठावरून उतू गेली,
तिची माझ्यात, की माझी तिच्यात,
वर साखरेची एकच सलग साय,
बांध नाही, खूण नाही.
अमारोनं अंदाजानं सुरी फिरवली.
मोजणी कोणीच मागितली नाही.

सोमवारी चौकात माती उडते.
ओल्या मातीत मुंग्या कालवायच्या,
वर थोडं व्हिनेगर, म्हणजे त्या चिडतात,
आणि दिसेल त्याच्यावर मूठ.
रिवाज आहे, राग धरायचा नाही.

मी मान वळवली
आणि कानशिलावर ढेकूळ फुटलं.
केसांत, कॉलरच्या आत, दातांत.
डोळे पुसून पाहते तो शेनेरोसा,
कोपरापर्यंत चिखल,
चेहऱ्यावर काहीच नाही.

मी थुंकले, आणि चवीवरून ओळखलं.
काळी, पाला कुजलेली, जराशी कडू.
ही त्याच झाडाखालची माती.
चौकात मातीचा एवढा ढीग पडलेला,
आणि ही बया अर्धा तास चढ चढून
तिथून बादली भरून घेऊन आली होती.

"माझ्या बांधावरची आहे ही!" मी ओरडले.
"आवारातली!" ती ओरडली.

दोन वर्षांत हे आमचं पहिलं बोलणं.

मग मीही खाली वाकले.

रात्री दार वाजलं.
"तुझी ती बारीक दातांची फणी दे," म्हणाली,
"मुंग्या निघत नाहीत."
आत ये म्हटलं नाही मी.
फणी दिली, सोबत बिकाचा तुकडा,
कडेचा, जिथं सुरी वाकडी गेली होती तिथला.

उंबऱ्यात उभ्यानंच तिनं चावून पाहिला.
बराच वेळ चघळला.
"लोणी जास्त कढलंय," म्हणाली.

"ती बाजू तुझी आहे," मी म्हटलं.

तिनं तुकडा उलटा करून पाहिला,
दिव्याकडे धरला,
आणि उरलेला तोंडात टाकला.